पावसाळा लागला की अडकणारी रायफल: बोल्ट-ॲक्शनमध्ये काडतूस नीट का चढत नाही

आमच्या घरच्या रायफलची सलग पाच वर्षं एकच तक्रार होती. उन्हाळ्यात तिच्यासारखी गुणी रायफल नाही. पाचही काडतुसं एकामागून एक अशी चढायची की मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं भरायच्या पेटीत, काही आहे हे बोल्ट (हाताने मागे-पुढे सरकवायचा दांडा) ओढणाऱ्या हाताला जाणवायचंही नाही. श्रावण लागला की मात्र तिसऱ्या काडतुसाला बोल्ट मध्येच थांबायचा. मागे घेऊन पुन्हा ढकलला तर तेच काडतूस कधी चढायचं, कधी बोल्ट त्याच्या डोक्यावरून, म्हणजे मागच्या टोकावरून, पुढे निघून जायचा आणि रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसतं त्या कप्प्यावर) बंद व्हायचा. दिवाळी झाली की पुन्हा सगळं सुरळीत.

सोयाबीन शेंगांवर येतं, तूर वर निघते, रानडुकरं धुऱ्यावरून आत शिरतात आणि माणसं जागलीला बसतात ते नेमके हेच महिने. म्हणजे ज्या काळात रायफलवर भरवसा हवा त्याच काळात तो नाही. रात्री टॉर्चच्या उजेडात जखमी डुक्कर समोर असताना पुढची गोळी चेंबरमध्ये आहे असं समजून चाप ओढायचा आणि नुसता 'टक्' आवाज यायचा, हे एकदा माझ्या बाबतीत झालं. बांधावर चढायला वाट होती म्हणून निभावलं. त्या रात्रीनंतर मी हे प्रकरण शेवटापर्यंत न्यायचं ठरवलं. कारण सापडलं, इलाज झाला आणि एक पूर्ण पावसाळा त्यावर गेला, म्हणून आता लिहितो आहे.

आधी दोन गोष्टी. आपल्याकडे शिकार कायद्याने बंद आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरासाठी किंवा रोह्यासाठीसुद्धा (नीलगायीसाठी) वनखात्याची लेखी परवानगी हातात असावी लागते. दुसरं असं की परवान्याच्या हत्याराची साफसफाई आपण करू शकतो, पण दुरुस्ती परवानाधारक कारागिरानेच करायची असते. मी खाली जे सांगतो ते दुखणं ओळखण्यासाठी आहे. कानस हातात घेण्यासाठी नाही.

रायफल कोणती आणि ती इतकी चांगली का

आजोबांनी घेतलेली ही रायफल मौजर ९८ ॲक्शनची (बोल्ट आणि त्याभोवतीची यंत्रणा), .३०-०६ बोअरची, म्हणजे त्या मापाच्या काडतुसाची आहे. जर्मन सैन्याने ही ॲक्शन ५ एप्रिल १८९८ रोजी स्वीकारली. नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावातल्या पॉल मौजरने आधीच्या दहा-बारा वर्षांत एकेक सुधारणा करत ती या रूपाला आणली होती. त्यानंतर जगभर ज्या नावाजलेल्या शिकारी रायफली झाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा याच घराण्यातल्या. अमेरिकेने १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल काढली तेव्हा तिच्यात मौजरची इतकी उसनवारी होती की पेटंटपोटी २ लाख डॉलर मोजावे लागले. विंचेस्टरची १९३६ ची मॉडेल ७० हीसुद्धा काडतूस चढवण्याच्या बाबतीत याच वाटेने गेली.

या ॲक्शनचं मर्म बोल्टाच्या उजव्या अंगाला बसवलेल्या लांब पोलादी एक्स्ट्रॅक्टरमध्ये (काडतूस धरून बाहेर ओढणाऱ्या पट्टीत) आहे. बोल्ट फिरतो, पण हा फिरत नाही. बोल्ट पुढे जाताना काडतूस मॅगझिनमधून वर उसळतं आणि त्याची रिम, म्हणजे बुडाची कड, खालून सरकत एक्स्ट्रॅक्टरच्या नखीखाली जाते. चेंबर अजून दूर असतं, तरी काडतूस पकडीत आलेलं असतं. तिथून पुढे ते बोल्टाच्या तोंडाला धरलेलं राहतं. रायफल आडवी असो, उलटी असो, तुम्ही पळत असा, काडतूस कुठे पडत नाही. मध्येच विचार बदलून बोल्ट मागे घेतला तर तेच काडतूस ओढलं जातं आणि मागच्या पक्क्या पातीवर, म्हणजे इजेक्टरवर आपटून बाहेर पडतं. हात ढिला तर काडतूस ढिलं पडेल, हात जोरात तर लांब उडेल, पण आत राहणार नाही.

दुसरा प्रकार काडतूस नुसतं ढकलण्याचा. रेमिंग्टनच्या १९४८ च्या ७२१ आणि ७२२ मॉडेलांत आणि पुढे १९६२ च्या ७०० मध्ये तो आहे. तिथे बोल्ट काडतुसाला मागून रेटत चेंबरमध्ये घालतो आणि अगदी शेवटी, बोल्ट बंद होताना, एक्स्ट्रॅक्टर रिमवर चटकन बसतो. बनवायला स्वस्त, आणि काडतुसाचं डोकं सगळीकडून पोलादाने वेढलेलं राहतं हा त्याचा खरा फायदा. रेंजवर शांतपणे गोळ्या मारणाऱ्याला त्यात काही कमी वाटणार नाही. पण घाबरलेल्या हाताने बोल्ट अर्धवट ढकलून परत मागे ओढला, तर पकड बसलेली नसल्याने पहिलं काडतूस चेंबरमध्येच राहतं. मग दुसरं त्याच्या पाठीवर जाऊन आदळतं, म्हणजे एका गोळीचं टोक दुसऱ्या काडतुसाच्या कॅपवर, आघाताने पेटणाऱ्या टोपीवर. मला हे अजिबात आवडत नाही. विंचेस्टरने १९६४ मध्ये मॉडेल ७० ची जुनी पकड सोडून हाच प्रकार घेतला तेव्हा जुने शिकारी इतके नाराज झाले की १९६४ च्या आधीच्या रायफलींना आजही वेगळा भाव मिळतो. १९९० च्या दशकात कंपनीला जुनी पकड परत आणावी लागली. धोक्याच्या जनावरासमोर उभं राहणाऱ्याने मौजर घराण्याचीच रायफल घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

पण पकड कितीही चांगली असली तरी काडतूस वर येऊन तिच्या तोंडाशी पोचलं तर ती धरणार. आमच्याकडे अडचण तिथेच होती.

तपासणी कशी केली

खरं काडतूस घेऊन घरात ही तपासणी कधीही करू नका. मी परवानाधारक दुकानातून पाच डमी घेतल्या, कॅप आणि दारू नसलेल्या. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. मॅगझिन रिकामं बघितलं, चेंबरमध्ये करंगळी घालून बघितलं, आणि नळीचं तोंड मातीच्या भिंतीकडे ठेवूनच काम केलं.

डमींवर नेलपॉलिशने १ ते ५ आकडे घातले आणि एक वही केली. हीच या सगळ्यातली सगळ्यात कामाची गोष्ट ठरली. 'रायफल अडकते' म्हणून काही कळत नाही. कितवं काडतूस अडकतं, मॅगझिनच्या कुठल्या बाजूचं, आणि अडकतं तेव्हा गोळीचं टोक कुठे असतं, एवढं लिहून काढलं की निम्मं निदान झालं.

टोक खाली जाऊन रॅम्पच्या, म्हणजे चेंबरकडे चढणाऱ्या उताराच्या, भिंतीला टोचत असेल तर संशय काडतुसाच्या लांबीवर, मऊ टोकाच्या आकारावर किंवा पुढून खाली झुकलेल्या फॉलोअरवर (काडतुसं खालून उचलणाऱ्या पट्टीवर) जातो. टोक चेंबरच्या वरच्या कडेला लागत असेल तर काडतूस रेलमधून, म्हणजे मॅगझिनच्या तोंडाशी त्याला धरणाऱ्या कडांमधून, लवकर सुटतं आहे. काडतूस जवळजवळ पूर्ण आत जाऊन बोल्टाची मूठ खाली पडताना अडत असेल तर एक्स्ट्रॅक्टर, मळलेलं चेंबर किंवा खुद्द काडतूस बघायचं. आणि बोल्ट काडतुसाच्या डोक्यावरून पुढे निघून जात असेल, तर मागचं टोक वेळेत वर येत नाही. स्प्रिंग थकली आहे, आत चिकट आहे, किंवा वाटेत कुठेतरी ते अडतं आहे.

मौजरच्या मॅगझिनमध्ये काडतुसं नागमोडी रचलेली असतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. त्यामुळे वरून मोजलं तर १, ३, ५ एका बाजूची आणि २, ४ दुसऱ्या बाजूची. माझ्या वहीत ऑगस्टच्या तीन संध्याकाळींत साठ फेऱ्यांची नोंद झाली. अडकलं ते प्रत्येक वेळी तिसरं किंवा पाचवं. दुसरं आणि चौथं एकदाही नाही. पहिलंही नाही.

हे बघून स्प्रिंगचा संशय मी तिथेच सोडला. स्प्रिंग थकली असती तर शेवटच्या काडतुसांना, दोन्ही बाजूंच्या, सारखाच त्रास झाला असता. एकाच बाजूचा त्रास म्हणजे त्या बाजूच्या भिंतीत किंवा रेलमध्ये काहीतरी. पण पहिलं काडतूस त्याच रेलमधून बिनतक्रार जात होतं, म्हणजे रेल ठीक. मग पहिल्यात आणि तिसऱ्यात फरक काय? पहिलं काडतूस आपण हाताने दाबून थेट रेलखाली बसवतो, त्याला वर चढायचं नसतं. तिसऱ्याला आणि पाचव्याला खालून वर यावं लागतं. अडथळा त्या चढणीत होता.

डमीच्या रिमची कड भिंगाखाली धरली तर तिसऱ्यावर आणि पाचव्यावर एकाच जागी बारीक चकाकती ओरखड होती.

फट

मौजर ९८ मध्ये मॅगझिनची पेटी आणि ट्रिगर-गार्ड हा खालून बसणारा एकच तुकडा असतो. वर रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा भाग), खाली हा तुकडा, मध्ये दस्त्याचं लाकूड, आणि दोन लांब स्क्रू या सगळ्याला एकत्र आवळून धरतात. पेटीची वरची कड रिसीव्हरच्या पोटाला जवळजवळ भिडलेली असली पाहिजे. केसाएवढी जागा चालते, उलट पेटी जोरात दाबलेली असू नये. पण ही जागा मोठी झाली की भिंतीत एक आडवी खाच तयार होते, आणि वर चढणाऱ्या काडतुसाची रिम तिच्या वरच्या ओठाला, म्हणजे रिसीव्हरच्या कडेला अडते.

मोटार गॅरेजमध्ये वापरतात ती फीलर गेज, म्हणजे निरनिराळ्या जाडीच्या पात्यांचा जुडगा, मी मागून आणला. बोल्ट काढून वरून पाती घातली. उजवीकडे मागच्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरची पाती सहज आत गेली. डावीकडे ०.१५ ची कशीबशी. दिवाळीनंतर स्क्रू आवळून पुन्हा मोजलं तर उजवीकडेही ०.१० च्या वर काही जाईना, आणि पुढच्या मेमध्ये तीच स्थिती. काडतुसं सुरळीत.

लाकूड पावसाळ्यात फुगतं हे आपल्याला दारं-खिडक्यांवरून माहीत आहे. अक्रोडाचा दस्ता काही वेगळा नाही. रेषांच्या आडव्या दिशेने तो हवेतल्या ओलाव्याबरोबर वाढतो आणि सुकला की आकसतो. दोन धातूंच्या मध्ये साधारण साडेतीन सेंटिमीटर लाकूड असेल तर अर्धा मिलिमीटर फरक पडायला फार काही लागत नाही. पण नुसतं फुगण्याने फट पडत नाही, कारण स्क्रू जागचे हलत नाहीत. फट पडत होती माझ्या सवयीमुळे. पाऊस खाऊन आलं की मी रायफल पूर्ण खोलायचो, पुसायचो, तेल द्यायचो आणि पुन्हा जोडायचो. तेव्हा स्क्रू फुगलेल्या लाकडावर आवळले जायचे. हाताला घट्ट लागायचे, पण धातू आपल्या जागेवर बसलेलाच नसायचा. दिवाळीनंतर लाकूड आकसलं की स्क्रू ढिले लागायचे, मी पुन्हा आवळायचो, फट मिटायची आणि मी समाधानाने रायफल कपाटात ठेवायचो. दर वर्षी हाच फेरा.

आता प्रश्न असा की मूळ मौजरमध्ये हे का होत नाही? ते लाकूडही फुगतंच. याचं उत्तर मला नागपूरच्या एका जुन्या मिस्त्रींनी दिलं. वय सत्तरीच्या पुढे, बंदुकीच्या कामात हयात गेलेली. मी वही पुढे केली, त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, "भाऊ, पहिले मागचा स्क्रू काढून दाखवा."

स्क्रू काढला. त्यांनी भोकात वाकून बघितलं, मग मला बघायला लावलं. आत नुसतं लाकूड होतं.

"इथे नळी पाहिजे," ते म्हणाले. "पोलादाची बारकी नळी. ती कुठे गेली?"

मूळ मौजर ९८ च्या दस्त्यात मागच्या स्क्रूभोवती पोलादी नळी बसवलेली असते. वरचा रिसीव्हर आणि खालचा गार्ड यांच्यातलं अंतर ती नळी ठरवते, लाकूड नाही. स्क्रू आवळला की धातू धातूवर टेकतो. आमच्या रायफलचा मूळ दस्ता चुलत्यांच्या हातून पडून मनगटाशी, म्हणजे हाताने धरायच्या बारीक भागाशी, चिरला होता, तेव्हा नवीन करून घेतला होता. लाकडाचं काम देखणं होतं, त्यावर नक्षीही सुरेख. पण ज्याने दस्ता केला त्याने जुन्या दस्त्यातली नळी काढून नव्यात घातलीच नाही. एवढीशी ती वस्तू, करंगळीच्या पेराएवढी. तिच्यावाचून मी पाच पावसाळे काढले.

मिस्त्रींनी लेथवर नवी नळी केली, पेटी रिसीव्हरच्या पोटाशी बरोबर बसेल इतक्याच लांबीची. नुसती नळी घालून भागणार नव्हतं. लाकूड नळीपेक्षा उंच राहिलं तर पुन्हा आधी तेच टेकेल. म्हणून धातू जिथे जिथे लाकडावर बसत होता तिथून त्यांनी अगदी थोडं लाकूड तासून घेतलं, धातूचा भार नळीवर येईल असं केलं, आणि आतलं उघडं लाकूड वॉर्निशने बंद केलं. बाहेरून दस्ता चकचकीत आणि आतून कोरडा कोरा, हे मी कित्येक रायफलींत बघितलं आहे. पाणी नेमकं तिथूनच शिरतं.

तुमचं दुखणं वेगळं असेल तर

पेटीचा प्रकार सोडला तर माझ्या ओळखीच्या लोकांच्या तक्रारी साधारण ठरावीक असतात.

सगळ्यात जास्त वेळा दोष हाताचा असतो. बोल्ट शेवटापर्यंत मागे येतच नाही. दोन इंच अलीकडूनच माणूस पुढे ढकलतो आणि पुढचं काडतूस वर यायला वावच मिळत नाही. खांद्याला रायफल लावून, डोळा दुर्बिणीशी ठेवून बोल्ट ओढताना हे फार होतं, कारण चेहऱ्याला मूठ लागेल या भीतीने हात आखडतो. मौजर हळुवार हाताची नाही. सरळ, पूर्ण आणि जोरात ओढायचा, तसाच पुढे न्यायचा. डमी घेऊन महिनाभर रोज वीस फेऱ्या केल्या तर हा दोष जातो. तोवर रायफल मिस्त्रीकडे नेऊ नका.

दुसरं, आतली घाण. जुनं घट्ट ग्रीस फॉलोअरच्या कडेला साचतं आणि त्याची हालचाल जड होते. रिकाम्या मॅगझिनमध्ये फॉलोअर बोटाने दाबून सोडा. तो टणकन वर आला पाहिजे, पुढचं टोक दाबलं तरी आणि मागचं दाबलं तरी. आत तेलाचा थर नको, पुसून राहील तेवढाच ओशटपणा पुरे. स्प्रिंग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उलटी बसवलेली स्प्रिंग हे सुट्टीच्या दिवशी साफसफाई केलेल्या रायफलींचं नेहमीचं दुखणं आहे.

तिसरं, कातडी पट्टा. काडतुसं वर्षानुवर्षं पट्ट्याच्या घरात ठेवली की चामड्यामुळे पितळेवर हिरवा थर चढतो. तेवढ्या थराने काडतूस रेलमध्ये ओढतं आणि चेंबरमध्ये चिकटतं. पट्टा शिकारीपुरता, साठवण कोरड्या डब्यात.

डमीवर सगळं नीट चालतं आणि खऱ्या गोळीबारातच अडकतं, असं असेल तर उरलेल्या काडतुसांची टोकं बघा. बार झाला की रायफल मागे येते आणि मॅगझिनमधली काडतुसं पुढच्या भिंतीवर आपटतात. मऊ शिशाचं टोक दोन-तीन धक्क्यांत चपटं होतं आणि मग रॅम्पवर घसरायच्या ऐवजी रुततं. खाली राहून राहून चपटं झालेलं काडतूस पुन्हा पुन्हा मॅगझिनमध्ये भरू नये.

आणि एक गोष्ट मौजरवाल्यांना कळकळीने सांगतो. मॅगझिनमध्ये पाच भरून सहावं थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट बंद करण्याचा मोह टाळा. या एक्स्ट्रॅक्टरला रिम खालून यायची सवय आहे. चेंबरमध्ये आधीच बसलेल्या रिमवर समोरून चढण्यासाठी तो केलेला नाही. काही शिकारी रायफलींत नखीला उतार दिलेला असतो, पण जुन्या लष्करी घडणीच्या ॲक्शनवर जबरदस्ती केली तर नखीचा कोपरा उडू शकतो. मग काडतूस आत जाईल, रिकामी केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, बाहेर यायची नाही.

एक्स्ट्रॅक्टरचा ताण बघायची सोपी रीत आहे. बोल्ट रायफलमधून काढा, उडवलेली रिकामी केस घ्या, तिची रिम खालून नखीखाली सरकवा. अंगठ्याच्या बेताच्या जोराने गेली पाहिजे, आणि बोल्ट हलकेच हलवला तरी केस टिकून राहिली पाहिजे. फार जोर लागत असेल किंवा केस गळून पडत असेल, तर ते मिस्त्रीचं काम.

बोअर बदललेल्या रायफली

जुन्या लष्करी मौजरवर दुसऱ्या काडतुसाची नवी बॅरल चढवून केलेल्या रायफली बऱ्याच आहेत. त्यांच्या बाबतीत एक हिशेब माहीत हवा. काडतुसं नागमोडी रचली की तीन डोकी मिळून समभुज त्रिकोण होतो. त्यावरून पेटीची आतली रुंदी काडतुसाच्या डोक्याच्या व्यासाच्या सुमारे १.८६६ पट यावी लागते. मूळ जर्मन लष्करी ८×५७ काडतुसाचं डोकं जवळजवळ १२ मिलिमीटर, म्हणून पेटी सुमारे २२.३. मौजरने प्रत्येक काडतुसासाठी पेटी वेगळी मापून केली, हे त्याच्या यशाचं मोठं कारण आहे आणि नकला करणाऱ्यांनी नेमकं तेच सोडलं.

.३०-०६ चं डोकं याच मापाचं आहे, त्यामुळे रुंदीला ते ८×५७ च्या पेटीत बरोबर बसतं. लांबीला मात्र नाही. ८×५७ ची कमाल लांबी ८२ मिलिमीटर, .३०-०६ ची ८४.८. पेटी पुढून वाढवलेली नसेल तर लांब गोळीची काडतुसं पुढे-मागे घासत वर येतात. .३०० विंचेस्टर मॅग्नमसारखं पट्टेवाल्या डोक्याचं काडतूस तर सुमारे १३.५ मिलिमीटरचं, त्याला २५ हून जास्त रुंदी हवी. अरुंद पेटीत ते जवळजवळ एकावर एक उभं राहतं, एका बाजूच्या रेलला नीट टेकत नाही, आणि कधी दोन एकदम उसळतात. अशा रायफलीत कितीही पॉलिश केलं तरी गुण येणार नाही. पेटीच बदलावी लागते.

.३१५ वाल्यांसाठी

गावोगाव जास्त रायफली आहेत त्या मौजर नव्हेत, आपल्या सरकारी कारखान्याच्या .३१५ आहेत. ली-एनफील्ड धाटणीची ॲक्शन आणि ८×५० चं रिमवालं काडतूस. ब्रिटिश काळात लष्करी बोअर लोकांच्या हाती द्यायचं नव्हतं म्हणून .३०३ ऐवजी हे काडतूस पुढे आलं, आणि ते आजवर टिकलं.

इथलं दुखणं मौजरला नसतं. या काडतुसाची रिम केसच्या बाहेर आलेली असते. वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या मागे गेली, तर बोल्ट वरचं पुढे ढकलताना खालचंही पकडलं जातं आणि दोन्ही रुतून बसतात. उपाय फुकट आहे आणि तो भरतानाच करायचा. प्रत्येक नवं काडतूस दाबताना त्याची रिम आधीच्याच्या रिमच्या पुढे बसली आहे हे डोळ्यांनी बघायचं. अंधारात, घाईत, मूठभर काडतुसं कोंबायची नाहीत. भरलेलं मॅगझिन खिशात घेऊन मोटारसायकलवर दहा किलोमीटर आलात, तर बसण्याआधी एकदा काढून बघा.

तरीही अडत असेल तर मॅगझिनचे पत्र्याचे ओठ बघा. मौजरमध्ये हे ओठ रिसीव्हरच्या पोलादातच कोरलेले असतात, इथे ते पत्र्याचे आहेत आणि एकदा पडलं की वाकतात. पकडीने सरळ करायला जाऊ नका. एक बाजू उघडली, दुसरी मिटली, की काडतूस तिरकं चढायला लागतं. दुसरं मॅगझिन लावून बघा. त्रास गेला तर रायफल निर्दोष आहे.

कानस ठेवून द्या

काडतूस अडकतं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो रेल आणि रॅम्प घासण्याचा. मी दोन सुंदर मौजर अशा घासून कायमच्या बिघडलेल्या बघितल्या आहेत. रेलचा आकार काडतूस नेमकं कुठे सुटेल हे ठरवतो. तिथला धातू एकदा गेला की परत येत नाही, आणि रिसीव्हर बदलणं म्हणजे रायफल बदलणं. आमच्या रायफलीलाही एकाने हाच उपाय सांगितला होता. तेव्हा ऐकलं असतं तर नळी नसलेला दस्ता तसाच राहिला असता आणि वर रेलही गेले असते.

यंदा मी आषाढी एकादशीला, गोकुळाष्टमीला, पोळ्याला आणि दसऱ्याला पाती घालून मोजलं. चारही वेळा उजवीकडे ०.१०, डावीकडे ०.१०. भर पावसात दोनदा पूर्ण खोलून पुन्हा जोडली, मुद्दाम. डमीच्या दोनशे फेऱ्यांत तिसरं किंवा पाचवं एकदाही अडलं नाही. मागचा स्क्रू आवळताना आता शेवटी हाताला एक टणक थांबा लागतो, पूर्वी तिथे लाकडाचा मऊपणा लागायचा. तुमच्या रायफलीचा मागचा स्क्रू आवळताना तो थांबा लागत नसेल, तर स्क्रू काढून भोकात एकदा बघा.